ट्रॅक्टरचं मागचं ऑईल कसं बघायचं, कसं राखायचं

नांगर उचलायची मागची लिफ्ट उचलंना झाली की आमच्या भागात पहिल्यांदा डबा येतो. दोन लिटर ऑईल ओतलं, लिफ्ट उचलली, नांगरट पुरी झाली. महिन्याभरात परत तेच. ओतलेलं ऑईल गेलं कुणीकडं, हे बघायला मात्र कुणी थांबत नाही. कोल्हापूर-राधानगरी रस्त्याला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम चालतं. पश्चिमेकडनं भाताच्या चिखलणीचे ट्रॅक्टर येतात, इकडनं उसाचे. दोन्हीकडच्या लोकांना मी एकच सांगत असतो की ऑईल कमी दिसलं तर डबा उघडायच्या आधी कारण शोधा. ऑईल आपोआप आटत नाही. ते कुठंतरी गेलेलं असतं, आणि जिथं गेलंय तिथं दुसरं नुकसान चालू असतं.

आधी हे ऑईल कुठं कुठं फिरतं ते समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ऑईलमधले ब्रेक आणि हायड्रोलिक या सगळ्यांना एकच ऑईल असतं. मागच्या हौसिंगमध्ये, म्हणजे गिअर झाकणाऱ्या लोखंडी पेटीत, ते भरलेलं असतं. पंप तिथनंच ते ओढतो, दाबानं लिफ्टच्या सिलिंडरला आणि ट्रॉलीच्या जॅकला देतो, काम झालं की ते परत हौसिंगमध्ये येतं. म्हणजे गिअरच्या दातांचा झिजलेला कीस आणि लिफ्टचा नाजूक व्हॉल्व्ह एकाच ऑईलात असतात. मधे आडवा असतो तो फक्त फिल्टर. काही मॉडेलांत, विशेषतः जुन्यांत, हायड्रोलिकची टाकी वेगळी असते. पॉवर स्टेअरिंगचीही छोटी टाकी पुष्कळदा वेगळी असते. आपल्यात काय आहे ते ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकात दिलंय. ते पुस्तक देव्हाऱ्याखालच्या कपाटातनं बाहेर काढा आणि टूलबॉक्समध्ये पिशवीत घालून ठेवा.

आता पातळी बघायची पद्धत. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा. बांधाच्या उतारावर किंवा घरापुढच्या घसरतीवर बघू नका, हौसिंग लांबट असल्यामुळं ऑईल एका अंगाला जातं आणि गेज (ऑईल मापायची पट्टी) खोटं दाखवतं. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा. लिफ्ट पूर्ण खाली सोडा. ट्रॉली जोडलेली असेल तर तीही पूर्ण खाली बसलेली पाहिजे.

हे ट्रॉलीचं लोक विसरतात. लिफ्टच्या सिलिंडरमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण लिटर ऑईल मावतं, त्यानं फार फरक पडत नाही. ट्रॉलीच्या जॅकचं तसं नाही. सरासरी ९० मिलिमीटर व्यासाचा जॅक एक मीटर बाहेर आला तर त्यात सव्वासहा लिटरच्या वर ऑईल जातं. मुरूम ओतायला ट्रॉली उचललीय आणि तशातच गेज बघितलं, तर ऑईल कमीच दिसणार. त्यात तुम्ही पाच लिटर ओतलं की ट्रॉली खाली येताना ते सगळं परत हौसिंगमध्ये येतं आणि जादा झालेलं ऑईल ब्रीदरमधनं (हौसिंगची हवा आत-बाहेर जायच्या तोंडातनं), सीलमधनं वाट काढतं. मग माणूस म्हणतो, सील गेलं.

इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. गेजच्या आजूबाजूची माती आधी फडक्यानं पुसा, मगच गेज काढा. तिथं उसाच्या पाचटाचा भुसा आणि धूळ बसलेली असते, गेज ओढलं की ती सरळ आत पडते. पुसायला धुतलेलं जुनं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा घ्या. दुकानात मिळणारं कॉटन वेस्ट या कामाला वापरू नका, त्याचे धागे सुटतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. गेज पुसून परत घाला, काढा, आणि मग खूण बघा. आट्याचं गेज असेल तर ते आटे बसवून मापायचं की नुसतं टेकवून, हे मॉडेलप्रमाणं बदलतं. पुस्तकात असेल तसंच करा, कारण आट्याच्या उंचीएवढा फरक म्हणजे दोन-तीन लिटरचा घोळ होऊ शकतो.

आणखी एक. ऑईल तापलं की फुगतं. ५० लिटर ऑईल २५ अंशांवरनं ६५ अंशांवर गेलं तर साधारण सव्वा ते दीड लिटरनं वाढतं. त्यामुळं एकदा पहाटे थंड असताना आणि एकदा दिवसभर रोटर मारून आल्यावर बघितलं तर दोन आकडे येणारच. पुस्तकात थंड की गरम असं दिलं असेल तर तसं बघा. नसेल तर सकाळी कामाला निघायच्या आधी बघायची सवय ठेवा, म्हणजे कालच्याशी आजचं ताडून बघता येतं.

पातळी कळली. आता खरं बघायचं ते पुढंच आहे.

गेजवरचा थेंब बोटावर घ्या. स्वच्छ ऑईल पारदर्शक, सोनेरी-पिवळसर असतं. पुष्कळ तास झाले की ते तपकिरी होतं, तेवढ्यानं घाबरू नका. बोटाबोटांत चोळा. खरखर लागली तर त्यात माती आहे किंवा धातूचा कीस आहे. उन्हात धरून बघा, चकाकणारे कण दिसले तर गिअर किंवा बेअरिंग झिजतंय. वास घ्या. जळकट वास म्हणजे ऑईल फार तापलंय. आणि दुधाळ, राखाडी दिसलं तर पाणी शिरलंय.

पाण्याचा विषय आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याच्या बाजूला केज व्हील (लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावून चिखलणी चालते. खाचरात ट्रॅक्टरचा मागचा अंग पाण्यात, चिखल ॲक्सलच्या वर. दिवसभर गरम झालेलं हौसिंग थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं, पीटीओच्या (रोटर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) सीलमधनं, गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरमधनं बाहेरचं ओलं आत ओढलं जातं. सील नवं असताना काही होत नाही. थोडं झिजलेलं असलं की शिरतं. चिखलणी संपल्यावर लोक सर्व्हिसिंगला गाडी लावतात आणि तिथं जोराच्या पाण्याचा फवारा नेमका गेजवर आणि ब्रीदरवर मारला जातो. धुणाऱ्या पोराला आधीच सांगा, "बाळा, तिथं लांबनं मार." ब्रीदरवर प्लास्टिकची पिशवी बांधली तर आणखी चांगलं, फक्त धुणं झाल्यावर आठवणीनं सोडा.

पाणी आहे की नाही याची खात्री करायला दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली बाटलीची. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत पावशेरभर ऑईल काढा आणि रात्रभर हलवू नका. माझ्या वर्कशॉपच्या खिडकीत अशा बाटल्या कायम उभ्या असतात, प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव. सकाळी खिडकीतनं उजेड आला की बघायचं. पाणी जड, ते तळाला बसतं, त्याची रेघ वेगळी दिसते. नुसतं ढगाळ राहिलं, रेघ आली नाही, तर दुसरी परीक्षा. जुना, स्वयंपाकाला न वापरायचा तवा चांगला गरम करा, गॅस बंद करा, आणि लांब दांड्यावरनं ऑईलचा एकच थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. पाणी नसेल तर थेंब गप पसरतो. तोंड लांब ठेवा, चष्मा घाला, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

पुराचं वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या गावांत किती तरी ट्रॅक्टर गोठ्यात, शेडमध्ये बुडाले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला आली की नदीकाठच्यांनी ट्रॅक्टर उंचावर न्यायचा, ४३ फुटांच्या धोक्याची वाट बघायची नाही. तरीही बुडालाच, तर पाणी ओसरल्यावर त्याला चालू करायचं नाही, ओढून गिअरमध्ये टाकायचं नाही. चाकं फिरली की आतलं पाणी आणि ऑईल घुसळून एक होतं आणि मग ते वेगळं करणं अवघड. दोन दिवस उभा राहू द्या, मग हौसिंगचा ड्रेन प्लग हळूहळू ढिला करा, पूर्ण काढू नका. तळाचं पाणी आधी येतं. पाणी संपून ऑईल आलं की सगळं काढून टाका. त्यानंतर योग्य ग्रेडचं पण स्वस्तातलं ऑईल भरून थोडा वेळ रिकामा फिरवा, तेही काढा, जाळी धुवा, फिल्टर नवा घाला आणि मगच चांगलं ऑईल भरा. खर्च दुप्पट वाटतो. पण गंजलेल्या बेअरिंगा, पंप आणि व्हॉल्व्ह बदलायला लागले तर याच्या कैक पट जातात. इंजिन बुडालं असेल तर ते मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सेल्फ मारूच नका.

आता ऑईल कमी कशानं होतं ते. बाहेरची गळती दिसते. लिफ्टच्या दोन्ही हातांच्या शाफ्टचं सील, पीटीओचं सील, होज पाईप, कपलर (ट्रॉलीचा होज जोडायचं तोंड), ड्रेन प्लगचा वायसर. रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी थेंब कुठं पडलाय त्यावरनं जागा कळते. दाबातली गळती मात्र हातानं कधीही चाचपू नका. हायड्रोलिकचा दाब दीडशे-दोनशे किलोच्या घरात असतो, मागच्या टायरात असते एक-सव्वा किलो हवा. होजला सुईएवढं भोक पडलं तर त्यातली धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडी फोडून आत जाते. वर फक्त टोचल्यासारखी खूण राहते, दुखतही नाही फार, आणि आत मांस सडायला लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि ऑईल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याला ऑपरेशन लागतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा होजजवळनं फिरवा, पुठ्ठा भिजेल तिथं भोक. आणि नट सोडायच्या आधी इंजिन बंद, लिफ्ट खाली, लिव्हर दोन-तीनदा वरखाली करून दाब सोडलेला. उचललेल्या रोटरखाली किंवा ट्रॉलीखाली टेकू दिल्याशिवाय कुणीही जायचं नाही, कितीही घाईचं काम असो.

न दिसणाऱ्या गळत्या जास्त वाईट. मागच्या उन्हाळ्यात एक आण्णा आले.

"मिस्त्री, मागचं ऑईल सारखं कमी येतंय. खाली थेंब न्हाई बघा."

मी म्हटलं, "आण्णा, इंजिनचं ऑईल बघितलंय का?"

"ते तर चांगलं भरलंय. उलट खुणेच्या वरच हाय."

तिथंच उत्तर होतं. त्या मॉडेलात हायड्रोलिकचा पंप इंजिनच्या अंगाला बसवलेला, टायमिंग गिअरवर फिरणारा. पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की मागचं ऑईल गुपचूप इंजिनमध्ये जातं. मागचं कमी होतं, पुढचं वाढतं. मालक मागं ओततो आणि पुढं भरलंय म्हणून खूष असतो. असा ट्रॅक्टर नांगराला तसाच चालवला तर पातळ झालेल्या इंजिन ऑईलवर बेअरिंग जातात. म्हणून माझा नियम आहे की मागचं गेज बघितलं की पुढचंही बघायचं. दोन्ही गेज एका वेळी.

दुसरी लपलेली वाट क्लच हौसिंगची. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील गेलं की ऑईल क्लचवर येतं, क्लच घसरायला लागतो. हौसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं, त्यातनं ऑईल ठिबकतंय का बघा. ते भोक चिखलानं बुजलेलं असतं, तारेनं मोकळं करा. ऑईलमधले ब्रेक नसलेल्या जुन्या गाडीत ॲक्सलचं सील गेलं तर ऑईल ब्रेकच्या लायनरवर जातं. एका बाजूचा ब्रेक कमी लागायला लागला तर तिकडं बघा.

पातळी बरोबर असून लिफ्ट त्रास देत असेल तर ऑईल ओतून काही होणार नाही. इंजिन बंद केल्यावर उचललेला नांगर हळूहळू खाली बसत असेल तर सिलिंडरची ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह आतनं सोडतोय. लिफ्ट हिसके देत असेल, गेजवर फेस दिसत असेल तर पंप हवा ओढतोय, सक्शनच्या पाईपची रिंग बघा. पंपाचा किरकिर आवाज येत असेल तर जाळी चोंदलीय.

जाळी आणि फिल्टर वेगळे. जाळी डिझेलमध्ये धुऊन, हवेनं उडवून परत घालता येते. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा. "मिस्त्री, डिझेलनं धुतलाय, चांगला हाय अजून," असं सांगत लोक येतात, पण धुताना कागदाची छिद्रं मोठी होतात, घाण पलीकडं जाते. नवीन ट्रॅक्टरचा पहिला फिल्टर तर कधीही लांबवू नका. सुरुवातीच्या ५० तासांत नवे गिअर एकमेकांत बसतात आणि सगळ्यात जास्त कीस त्याच वेळी सुटतो. नवा फिल्टर घालताना त्याच्या रबराला बोटानं ऑईल लावा, टेकेपर्यंत फिरवा, मग हातानंच पाऊण फेरा आवळा. पाना लावला की पुढच्या वेळी निघत नाही.

ऑईल कोणतं घालायचं यावर वाद होतात. एकत्र हौसिंगच्या ट्रॅक्टरला यूटीटीओ लिहिलेलं ऑईल लागतं. ते पंपाला पुरेसं पातळ, गिअरला पुरेसं तगडं आणि ब्रेकच्या प्लेटांना मानवेल असं एकाच वेळी बनवलेलं असतं. नव्वद नंबरचं गिअर ऑईल त्यात टाकलं तर ते जाड असल्यानं थंडीच्या सकाळी पंपाला ओढत नाही. साधं हायड्रोलिक ऑईल टाकलं तर ब्रेक लावल्यावर ट्रॅक्टर कर्रर्र करत थरथरतो. घरात उरलेलं इंजिन ऑईल टाकायचा मोह होतो, तोही टाळा, कारण त्यातली रसायनं पाणी धरून ठेवतात, तळाला बसू देत नाहीत.

आणि दुसऱ्याची ट्रॉली. तुम्ही कितीही चांगलं ऑईल घातलं तरी शेजाऱ्याची डंपिंग ट्रॉली जोडली की तिच्या जॅकमधलं ऑईल तुमच्या गिअरबॉक्समध्ये येतं आणि तुमचं तिच्यात जातं. तिच्यात काय आहे, कधी बदललंय, कुणाला माहीत नसतं. वीटभट्टीवर आणि मुरमाच्या कामावर भाड्यानं ट्रॉल्या फिरतात तिथं हे रोजचं आहे. भाऊबंदांत ट्रॉली द्यायला-घ्यायला नाही म्हणता येत नाही, म्हणू पण नये. निदान कपलर जोडायच्या आधी दोन्ही तोंडं पुसा, सोडल्यावर रबरी टोप्या लावा, आणि बाहेरची ट्रॉली हंगामभर चालवली असेल तर फिल्टर ठरलेल्या वेळेच्या आधी बदला.

उसाच्या वाहतुकीवाल्यांसाठी वेगळं सांगणं. कारखान्याच्या यार्डात ऊस क्रेननं उतरतो, त्यामुळं दिवाळीपासनं हंगाम संपेपर्यंत लिफ्टचं काम जवळपास बंद असतं. पण तेच ऑईल गिअरबॉक्समध्ये दोन-दोन ट्रॉल्यांचं ओझं सोसत असतं. लिफ्ट एका जागी राहिल्यानं सीलं आखडतात आणि हंगाम संपून पलटी नांगर लावला की पहिल्याच दिवशी गळती सुरू होते. आठवड्यातनं एकदा, काट्यावर नंबरला थांबलेले असताना, लिफ्ट रिकामी चार-सहा वेळा वरखाली करा. हंगाम संपला की नांगर जोडायच्या आधी ऑईल बघा.

ऑईल बदलायचे तास पुस्तकात दिलेले असतात, ते मीटरप्रमाणं मोजा. रात्रंदिवस चालणाऱ्या गाडीचे तास झटक्यात भरतात. कमी चालणाऱ्यांनी निदान पावसाळा संपल्यावर एकदा बाटलीची परीक्षा करावी. बदलताना ट्रॅक्टर थोडा चालवून ऑईल कोमट करा, म्हणजे घाण ऑईलाबरोबर निघते. ड्रेन प्लग एकच नसतो. गिअरबॉक्सचा, डिफरन्शियलचा, मागच्या दोन्ही चाकांकडचा, असे जेवढे असतील तेवढे सगळे खोला, नाहीतर काही लिटर जुनं आतच राहतं. प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. टोकदार तुकडा किंवा चकती निघाली तर ऑईल भरू नका, आधी हौसिंग उघडून बघायला लावा. नवीन ऑईल भरल्यावर इंजिन मंद चालवा, लिफ्ट रिकामी वरखाली करा, ऑईल एकत्र असेल तर स्टेअरिंग या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरवा, मग बंद करून, थांबून, पातळी परत बघा. कमी आलेली असते, कारण फिल्टर आणि पाईप भरलेले असतात.

टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतनं मार्करनं लिहा: तारीख, मीटरचे तास, किती लिटर, कोणतं ऑईल. मधे अर्धा लिटर जरी ओतलं तरी लिहा. मेकॅनिकनं विचारलं तर "टाकलंय मधी कधीतरी" यापेक्षा ते झाकण दाखवलेलं बरं, त्यावरनं गळती किती जुनी आहे हे मला पाच मिनिटांत सांगता येतं.

काढलेलं जुनं ऑईल ओढ्यात, विहिरीच्या कडेला किंवा बांधावर ओतू नका. ते पाझरून शेवटी पंचगंगेतच जातं आणि तेच पाणी आपण पितो. डब्यात झाकण लावून साठवा आणि जुनं ऑईल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडं द्या. त्या डब्यात डिझेल किंवा पाणी मिसळू नका, मिसळलेलं ते घेत नाहीत.